जिन्याखाली हजर

परवा सुनेनं मोबाईलवर एक फोटो दाखवला. विद्यापीठाच्या त्या उपकेंद्राच्या दारात सिमेंटचा उतार बांधलाय आणि त्याचं उद्घाटन चाललंय. रिबिनीमागे माणसांची रांग, गळ्यात हार, डोक्याला फेटे. मी चष्मा लावून एकेकाकडे नीट पाहिलं. सगळ्यांचे पाय धड. वर कापडी फलक, ‘दिव्यांगांच्या सेवेत सदैव’. आणि एवढं करून तो उतार जातो कुठे, तर दारापर्यंत. दाराचा उंबरा तसाच. म्हणजे कुबड्या घेऊन आलेल्या माणसानं उतार चढायचा, उंबऱ्याला नमस्कार करायचा आणि परत खाली यायचं.

त्या केंद्राचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर त्यांना वाटेल आपण नावाजलो. फलकावर नावांची ही गर्दी होती, पण इंदूचं नाव नव्हतं. ते नसणार हे मला न बघताच ठाऊक होतं. तेव्हा म्हटलं, आपणच लिहावं. माझं शिक्षण चौथी, तीही मास्तर कंटाळले म्हणून पास. पण दिघी-आगरदांडा लाँचीवर जन्मभर तांडेलकी केली आहे, म्हणजे सुकाणू धरलं आहे. माणूस धक्क्यावरून फळीवर पाय कसा टाकतो ते पाहिलं की मला तो कळतो. शुद्धलेखन कोणाला खटकलं तर त्यानं पान उलटावं.

इंदू आमची शेजारीण. त्यांच्या आणि आमच्या वाडीच्या मध्ये सुपारीची एक रांग आहे. ती रांग कोणाची, यावरून तिच्या बापाशी मी तो डोळे मिटेपर्यंत बोललो नाही, आणि रांग माझीच आहे. पण पोरीशी माझं वैर नव्हतं. लहानपणी ताप आला नि तिचे दोन्ही पाय गेले. लोखंडी पट्ट्यांचे बूट आणि काखेत कुबड्या, अशीच मी तिला कायम पाहिली. शिवणकाम करायची. मशीन पायाचं नाही, हातानं चाक फिरवायचं. गावातल्या निम्म्या बायकांची पोलकी तिच्या हातची. आणि तोंडात सदा टाचण्या. टाचण्या तोंडात धरून ती बोलायची तेव्हा शब्द दातांच्या फटीतून यायचे, आणि ऐकणाऱ्याला कळायचं नाही की ही चिडली आहे की छातीचं माप सांगते आहे. पण एकेक टाचणी काढून ती खांद्यावरच्या कापडाला टोचायला लागली, की शहाण्या माणसानं आपली चप्पल शोधावी.

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. ‘मग लिहून द्या.’

कोळीण टोपली उतरवून म्हणायची, ‘बाय, आत्ताचीच हाय सुरमई, बघ तरी डोळा.’ इंदू म्हणायची, ‘ताजी आहे ना? मग लिहून दे.’ कोळीण हसायची आणि टोपलीच्या तळातली चांगली तुकडी काढून द्यायची. एस.टी.चा कंडक्टर तिला कुबड्यांसकट बघून म्हणाला, ‘मागून रिकामी गाडी येतेय, तिच्यात बसा.’ ही म्हणाली, ‘मागून येतेय आणि रिकामी येतेय, असं लिहून द्या.’ कंडक्टरनं घंटीची दोरी सोडली आणि ती चढेपर्यंत गाडी थांबवली. देवळातल्या भटजींनी एकदा मोठ्या मायेनं सांगितलं की हे मागच्या जन्मीच्या पापाचं फळ. इंदू म्हणाली, ‘नेमकं कोणतं पाप ते लिहून द्या. या जन्मी टाळीन म्हणते.’

मागून लोक तिला ‘लिहूनद्या’ म्हणायचे. तोंडावर इंदूताय. गावाची एवढीच हिंमत.

मी एकदा विचारलं, ‘काय गो, हे काय खूळ घेतलंस?’

‘काका, तोंडानं नाही म्हणायला माणसाला काही लागत नाही. लिहायची वेळ आली की हात थांबतो. बघा तुम्ही.’

मी पुढे आयुष्यभर बघितलं. थांबतो.

ग्रामपंचायतीनं तिचा सत्कार केला, कशाबद्दल ते त्यांनाच ठाऊक. बहुतेक वर्षाचा ठरलेला पैसा खर्च करायचा राहिला असेल. सरपंच म्हणाले, ‘आमच्या दिव्यांग भगिनी.’ इंदूनं तिथंच विचारलं, ‘यात दिव्य काय आहे? काखेत घट्टे पडलेत, ते दाखवू का?’ सरपंचानं नारळ तिच्या मांडीवर ठेवला आणि माईक बंद केला. तो नारळ नासका निघाला हे मी आवर्जून नोंदवतो.

फेरीबोट सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. तेव्हा आमच्या लाँचीत चढायचं म्हणजे कसरत. ओहोटीला लाँच धक्क्याच्या पार खाली जायची. शेवाळलेल्या पायऱ्या उतरून फळीवरून जायचं. म्हाताऱ्या, बोकड, आंब्याच्या पेट्या, सगळं खलाशी उचलून आत घ्यायचे. इंदू दुसऱ्या दिवशीच्या बी.ए.च्या परीक्षेला पलीकडे निघाली होती. माझा खलाशी हात पुढे करून म्हणाला, ‘ये ताय, उचलून घेतो.’

‘नको.’

‘मग चढशील कशी?’

‘लाँच वर कधी येते?’

खलाशी माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, ‘भरतीला. धक्क्याच्या बरोबरीला लागते.’

‘मग मी भरतीला जाते,’ असं म्हणून ती धक्क्यावरच्या लोखंडी खुंटावर बसली आणि पुस्तक उघडलं. लोकांनी नावं ठेवली. मीही ठेवली. दुपारी पाणी चढलं, लाँच वर आली, आणि ती फळीवरून एकटी, कुबड्या टेकत, माझ्यासमोरून आत आली. माझ्याकडे बघितलंही नाही. तेव्हापासून ती भरतीचं वेळापत्रक बघून कामं ठरवायची, परीक्षा सकाळची असली तर आदल्या दिवशीच्या भरतीला जायची.

मग मोटारी नेणारी फेरीबोट आली आणि तिच्यासाठी ऐसपैस उतार बांधला. त्या उतारावरून मुंबईकरांच्या गाड्या आरामात चढतात. त्या गाड्यांकडे कोणी अर्ज मागितला नाही, दाखला मागितला नाही, तुम्ही खरंच चाकांवर चालता का म्हणून तपासलं नाही. इंदू त्याच उतारावरून गाड्यांच्या मधून चालायला लागली. मागून हॉर्न वाजला की ती मुद्दाम थांबायची.

बी.ए. घरी बसून झालं. मग तिनं एम.ए.ला नाव घातलं, मराठी घेऊन. गाव हसलं. तिची आई जनाबाई म्हणाली, ‘इंदे, आता काय मास्तरीण व्हायची हायेस?’ तर व्हायचीच होती. डोळे उतरले होते, सुईत दोरा जाईना. पायांनी आधीच सोडलं होतं, आता शिवणही सोडणार. तिची थोरली बहीण महाडला दिलेली. तिथल्या एका क्लासवाल्यानं शब्द दिला होता, एम.ए. झालात की मराठीचे तास तुमचे. म्हणून ही धडपड. बाकीचे पेपर जुन्या बैठ्या इमारतीत झाले, तिनं सोडवले. शेवटचा एक राहिला आणि केंद्रानं नवी इमारत बांधली. परीक्षेचा हॉल तिसऱ्या मजल्यावर. इंदू खाली बसून राहिली आणि वर तिला गैरहजर लावलं. आता नोंदणीची मुदत संपत आलेली. पुढच्या खेपेला पेपर दिला तर दिला, नाही तर सगळं पहिल्यापासून.

तिनं अर्ज लिहिला. मला परीक्षेला तळमजल्यावर बसू द्या आणि नियमाप्रमाणे जादा वेळ द्या. कुबड्यांनी तिचे पंजे सुजायचे, लिहिताना मध्ये मध्ये पेन ठेवून बसावं लागायचं. साधा मराठी अर्ज. तो परत आला. साहेब इंग्रजी वाचतात, इंग्रजीत पाठवा. आता बघा, बाई मराठीत एम.ए. करतेय, विभाग मराठीचा, आणि जिना चढता येत नाही हे सांगायचं इंग्रजीत. इंदूनं शब्दकोश घेतला, सरकारी नियम वाचला आणि नियमातलाच शब्द वापरून अर्ज धाडला. तो शब्द अकोमोडेशन, नियमात त्याचा अर्थ ज्याला जी गरज ती सोय.

थोड्याच दिवसांत पत्र आलं. अकोमोडेशन मंजूर. जनाबाईनं आळीत साखर वाटली. मलाही आणून दिली, रांगेचं भांडण असूनही. इंदूचा भाऊ टेम्पो घेऊन बाहेरगावी होता, म्हणून सोबत मी गेलो. खिडकीतल्या कारकुनानं तिची सही घेतली आणि एक चावी पुढे सरकवली.

‘ही कसली?’

‘रूमची. लेडीज वसतिगृह, तिसरा मजला. गादी आपली आपण आणायची.’

‘मी राहायला खोली कुठं मागितली?’

‘हे काय, तुमचीच सही आहे ना मॅडम? विषय, अकोमोडेशन. अकोमोडेशन म्हणजे राहण्याची सोय.’

‘खाली वाचा की. परीक्षा, तळमजला, जादा वेळ, सगळं लिहिलंय.’

‘खाली वाचायचं काम माझं नाही. विषय बघून कागद त्या त्या टेबलाला जातो.’

मला राहवलं नाही. ‘अहो, जिना चढता येत नाही म्हणून हिनं अर्ज केला, आणि तुम्ही हिला तिसऱ्या मजल्यावर राहायला देताय?’

‘खालच्या रूम पाहुण्यांसाठी असतात, आजोबा.’

आजोबा! त्याच्या डोक्यावर माझ्यापेक्षा कमी केस होते.

तसा तो शब्द मलाही ठाऊक होता. श्रीवर्धनपासून रेवदंड्यापर्यंत ज्या घराला एक जादा संडास आहे त्या घरावर त्याची पाटी आहे. पण आम्ही तांडेल, आम्हाला तेवढाच अर्थ ठाऊक असला तर चालतं. हे विद्यापीठ.

इंदू शांतपणे म्हणाली, ‘बरं. ही परत घ्या आणि माझा अर्ज योग्य टेबलाला पाठवा.’

‘तसं नाही होत. एका नावावर दोन अकोमोडेशन बसत नाहीत. आधी ही रूम नाकारल्याचा अर्ज द्या. तो समितीपुढे जाईल.’

‘समिती कधी बसते?’

‘समिती नेमायची आहे अजून.’

‘मग समिती नाही म्हणून लिहून द्या.’

कारकुनानं पेनाला टोपण लावलं. तो जेवायला गेला. जेवणाची वेळ व्हायला अजून अवकाश होता.

परतीच्या फेरीबोटीत इंदू कठड्याला टेकून हसायला लागली. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं. म्हणाली, ‘काका, चावी परत द्यायला नको होती. गादी टाकून होमस्टे काढला असता. सी व्ह्यू लिहायचं आणि तिसऱ्या मजल्यावर चढवायचं मुंबईकरांना.’ मीही हसलो.  मग नुसती पाण्याकडे बघत राहिली.

तिनं खोली नाकारल्याचा अर्ज केला. मग नवा अर्ज केला. या वेळी विषयात एकही इंग्रजी शब्द नाही, ‘मला जिना चढता येत नाही, याबाबत’. त्याला उत्तर आलं. जादा वेळ मंजूर, जागेचा विचार चालू आहे. आणि विभागाच्या सरांनी भेटायला बोलावलं.

हे सर मऊ बोलणारे. अशा माणसाची मला कारकुनापेक्षा जास्त भीती वाटते. त्यांनी चहा मागवला. त्यांच्या बोलण्यात ‘संवेदनशील’ हा शब्द सारखा यायचा, जसा आमच्या पाटलाच्या बोलण्यात ‘देवाशपथ’ यायचा. इंदूनं लिफ्टचं विचारलं. इमारतीला लिफ्ट होती. मी स्वतः तिचं दार ढकलून पाहिलं होतं. आत छतापर्यंत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचलेले.

‘ती सध्या तात्पुरती स्टोअर म्हणून वापरतोय,’ सर म्हणाले. ‘पण इंदूताई, तुम्ही काळजीच करू नका. आपले चार विद्यार्थी तुम्हाला खुर्चीत बसवून वर नेतील. अगदी पालखीसारखं.’

‘पालखीत देव बसतो, सर. त्याला पेपर नसतो.’

सर हसले. ‘अहो, मुलं आनंदानं करतील.’

‘त्यांना आनंद होईल. मला होणार नाही. मला खाली बसवा. एक टेबल आणि एक खुर्ची लागेल.’

‘खाली स्वतंत्र पर्यवेक्षक द्यावा लागतो. तेवढा स्टाफ नाही.’

‘मग मला उचलल्याशिवाय परीक्षा देता येणार नाही, असं लिहून द्या.’

सरांचा चहा निवला. ‘तुम्ही सगळंच फार कडवटपणानं घेता,’ असं म्हणून ते उठले. म्हणजे आम्ही उठायचं.

घरी जनाबाईनं ऐकलं आणि तिचाही तोल गेला. मी सुपाऱ्या सोलायच्या निमित्तानं कुंपणाशी होतो, सगळं कानावर आलं. ‘उचलू दे की गो बाय. घटकाभराचा तर प्रश्न हाय. पेपर तरी व्हईल. झिजून जाशील का उचललं म्हणून?’

मशीनचं चाक थांबलं. इंदूनं तोंडातली टाचणी काढली, खांद्यावर टोचली. दुसरी काढली. तिसरी काढली. मला वाटलं आता आईची धडगत नाही. पण ती ओरडली नाही.

‘आये, शाळेत मला उचलायचे ना, झेंडावंदनाला, सहलीला? कोण कुठं हात लावतो ते उचललेलीलाच कळतं. तू कधी इचारलं न्हाय. मी कधी सांगितलं न्हाय. आता मला कोणी उचलायचं न्हाय.’

 जनाबाईनं खाली वाकून पडलेल्या टाचण्या वेचायला सुरुवात केली. एकही टाचणी पडलेली नव्हती.

पेपरच्या दिवशी मी तिच्याबरोबर होतो. आई आधीच महाडला लेकीकडे गेली होती, आणि पेपर झाला की जावई गाडी घेऊन येऊन इंदूला तिथूनच महाडला नेणार होता. केंद्राच्या दर्शनी पोर्चमध्ये, जिन्याच्या पायथ्याशी एक बाक होता. इंदू त्यावर बसली. कुबड्या भिंतीला लावल्या, प्रवेशपत्र मांडीवर ठेवलं. शिपाई म्हणाला, ‘बाई, हॉल वरती.’

‘ठाऊक आहे. वर सांगा, मी आले.’

वरून सर आले. मागे चार दणकट पोरं आणि हात असलेली एक खुर्ची. पोरं बिचारी ओशाळली होती, त्यांना मी दोष देत नाही.

‘चला इंदूताई. हट्ट पुरे आता. घंटा होईल.’

‘होऊ द्या. मी परीक्षेला आलेय. हजेरी लावा.’

‘हजेरी हॉलमध्ये लागते.’

घंटा झाली. पोरं खुर्ची धरून उभी. इंदूनं बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. तोंडानं कितीही धीट असली तरी मला ते दिसत होतं. इतक्या वर्षांची मेहनत त्या बाकावर बसली होती आणि वर प्रश्नपत्रिका वाटल्या जात होत्या.

तेवढ्यात वरच्या कठड्यावरून एक तरुण बाई डोकावल्या. पर्यवेक्षिका. हातात हजेरीपट. ‘सर, एकच नंबर राहिलाय. काय लिहू, हजर की गैरहजर?’

सर बोलायच्या आत इंदू बोलली. ‘गैरहजर लिहा मॅडम. गेल्या खेपेलाही लिहिलंत. पण या खेपेला पुढं शेरा लिहा, उमेदवार जिन्याखाली हजर. आणि त्याच्याखाली सरांची सही घ्या.’

त्या बाईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी खिशातल्या पेनाकडे पाहिलं, पण हात लावला नाही. लिफ्टमधले गठ्ठे, न नेमलेली समिती, चाललेला विचार, सगळं त्या एका सहीखाली आलं असतं.  एवढा शिकलेला माणूस, आपलं नाव लिहायला घाबरला.

मग त्या पर्यवेक्षिका बाई काही न विचारता जिना उतरायला लागल्या. एका हातात उत्तरपत्रिका, दुसऱ्यात प्रश्नपत्रिका.

‘मॅडम, तुम्ही हॉल सोडून कशा येता?’

‘वर जोशी मॅडम आहेत, सर. मी यांच्याजवळ बसते.’

शिपायानं कॅन्टीनमधून टेबल ओढत आणलं. त्यावर उसळीचा वाळलेला डाग होता, तो मी माझ्या पंच्यानं पुसला. मला लगेच गेटबाहेर घालवलं. जाता जाता ऐकलं, सर फोनवर कोणाला तरी सांगत होते, ‘हो हो, आम्ही तळमजल्यावर खास व्यवस्था केली आहे.’

ती पास झाली. महाडला तास घेते. तिकडे काय शिकवते मला कळत नाही, पण फोनवर सांगत होती की पोरांना निबंधाच्या आधी अर्ज लिहायला शिकवते. इकडे आली नाही. आई तिच्याजवळ, भाऊ टेम्पोपायी बाहेरगावी, म्हणून घर बंद आहे, तिच्या वाडीतल्या सुपाऱ्या माकडं खातात. म्हणजे मी तिला शेवटची पाहिली ती त्या दिवशीच.

मी गेटबाहेर बसलो होतो. मला शेवटची फेरीबोट गाठायची होती, म्हणून सुटल्याची घंटा झाली तसा निरोप घ्यायला पोर्चच्या जाळीपाशी गेलो. इंदूचा जादा वेळ चालू होता. ती लिहीत होती. थोडं लिहायची, पेन ठेवायची, पंजा उघडमीट करायची, परत पेन घ्यायची. तेवढ्यात वरून पोरं उतरायला लागली, उत्तरं विचारत, ओरडत. जिन्याच्या तोंडाशीच टेबल. पहिली पोरं थांबली, मागची त्यांच्यावर आदळली, आणि बघता बघता सगळा जिना तुंबला. मागे सरही अडकले. पर्यवेक्षिका बाईंनी तोंडावर बोट ठेवलं. गप्प झाली सगळी, पण गेली नाहीत. टेबलाभोवती उभी राहून एवढी मोठी बाई काय लिहितेय ते बघत राहिली.

त्यांची सावली तिच्या कागदावर पडली.

इंदूनं मान वर केली नाही. उजवा हात लिहीत होता. डावा हात नुसता बाजूला झटकला, कपड्यावरचा दोरा झटकावा तसा.

‘उजेड सोडा,’ ती म्हणाली.

पोरं भिंतीला लागली. सरही लागले.